उघाडी कुणाच्या नावावर

तळवली,
१६ जानेवारी १९९७

ताई,

नमस्कार लिहावा की नाही, इथपासूनच माझं अडलं. शेवटी लिहितो, नमस्कार. तो तू घ्यायलाच हवास अशी माझी जबरदस्ती नाही.

हे पत्र सुनयनाच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. सुनयना, बाळा, आधी आईला हातातलं काम खाली ठेवायला सांग. नाही ठेवलं तर तसंच वाच. आणि मधलं काही गाळू नकोस. तुझा मामा मास्तर आहे, गाळलेलं त्याला दुरूनही कळतं.

ताई, संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा घेऊन तुझ्या ओटीवर उभा होतो आणि तू आतून कडी लावलीस. मला फार लागलं. सगळी आळी बघत होती. रागारागानं घरी आलो तर तुझ्या भावजयीनं, विमलनं मला दारातच धरलं. तिची मावशी तुझ्याच आळीत राहते, तेव्हा माझ्याआधी बातमी माझ्या घरी पोचली होती. आदल्या दिवशी न्हावे गावची मुलाकडची मंडळी सुनयनाच्या लग्नाची तारीख धरायला तुझ्याकडे बसली होती, चहा हातात होता, आणि कोर्टाचा बेलिफ दारात येऊन ओरडला, "हसुराम कोळी कोण?" दाजी उठले, सही केली, कागद घडी करून खिशात घातला आणि पाव्हण्यांना म्हणाले, मच्छीमार सोसायटीचं काहीतरी असेल. मुलाच्या काकानं तो कागद मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला म्हणे.

बेलिफानं नेमका तोच दिवस धरावा हे काही माझ्या हातात नव्हतं.

तुला हे सगळं कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगतो. आमचा दावा कंपनीवर आहे, दाजींवर नव्हता. दसऱ्याच्या आधी आमच्या खाडीत बोय मासा पांढऱ्या पोटानं वर आला, चिंबोऱ्या बांधावर चढून मेल्या, आणि राहीबाई चिखलात हात घालून निवट्या मासे काढते तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोलले. तेव्हा गावानं रस्त्यापलीकडच्या रंगाच्या कंपनीवर ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. वादी म्हणून पाच नावं घातली. पहिलं माझं, कारण मास्तरला इंग्रजी येतं असा गावाचा गैरसमज आहे. दुसरं राहीबाईचं. प्रतिवादी एक कंपनी, प्रतिवादी दोन तिचा मॅनेजर.

कंपनीनं उलट लिहून दिलं की आमचं पाणी आम्ही साफ करून पाइपातून सोडतो. खाडीत गेलं ते टँकरचं, आणि टँकर रिकामे होत होते तळवलीच्याच उघाडीवर. सुनयना, तू मुंबईच्या पोरींसारखी टायपिंग शिकतेस, तुला उघाडी ठाऊक नसेल. खारबांधाला जे तोंड ठेवलेलं असतं ती उघाडी. भरतीला तिची झाप, म्हणजे लाकडी दार, बंद होते, ओहोटीला उघडते, आतलं पाणी खाडीत जातं आणि त्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी मिळते. तिथं वर्षभर जाळं लावायचा हक्क आमच्याकडे गुढीपाडव्याला बोली लावून देतात.

तर जज्जसाहेबांनी विचारलं, या वर्षी ही उघाडी होती कुणाकडे? तो माणूस या दाव्यात का नाही? साहेबांनी असं विचारल्यावर आमच्या कर्णिक वकीलबाई काय करणार? नवा प्रतिवादी जोडायचा अर्ज त्यांनी दिला. प्रतिवादी क्रमांक तीन. नाव त्यांना गावानं सांगितलं. देवळात बैठक झाली, सगळे एकदम बोलत होते, कोण काय बोललं याचा पत्ता लागतो का? मी तिथं होतो, पण माझ्या एकट्याचं ऐकतो कोण.

एवढंच. यात माझा काय दोष ते तूच सांग.

तिळगूळ विमलच्या मावशीकडे ठेवला आहे.

तुझा
नंदू

तळवली,
११ फेब्रुवारी १९९७

ताई,

तुझं उत्तर आलं. सुनयनाचं अक्षर माझ्या वर्गातल्या कुणाही पोरापेक्षा चांगलं आहे, आणि त्या चांगल्या अक्षरात तू दोनच प्रश्न विचारलेस. खाली सुनयनानं आपल्या मनानं एक ओळ घातली आहे, "मामा, आई रडत नाही. घासलेली भांडी परत घासते." ती ओळ मी विमलला दाखवली नाही.

पहिला प्रश्न, नाव कुणी सांगितलं.

मी सांगितलं.

गेल्या पत्रात मी ते गावाच्या गळ्यात घातलं. आता जसं झालं तसं लिहितो. कर्णिकबाई वाशीहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांना देवळातली एकमेव खुर्ची दिली, आम्ही सगळे सतरंजीवर. त्यांनी विचारलं, "उघाडी या वर्षी कुणाकडे आहे?" ताई, तोवर कोंबडबाजार चालला होता तो एकदम थंड झाला. जोमाबाबा, आमचे पंच, ते पायाच्या अंगठ्याचं नख बघत बसले. बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर आता काय बोलतो, याची वाट बघत होते.

मी म्हणालो, "हसुराम कोळी. सारसोळ्याचे."

बाईंनी लिहून घेतलं. मग मीच वर सांगितलं की ते माझे सख्खे दाजी लागतात. हे कशाला सांगितलं असं विचारशील तर मलाही आता कळत नाही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखी माणसं असली की केस लढायला बळ येतं." आणि मला बरं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला छान वाटलं.

पण ताई, मी खोटं नाव सांगितलं का? दाजी संध्याकाळच्या वेळी टँकरवाल्याला बांधावर येऊ द्यायचे, ओहोटी लागली की झाप वर ओढायचे, हे खोटं आहे का? तूच विमलला म्हणाली होतीस की हल्ली आमच्याकडे जाळं ओलं न होता पैसा येतो आणि मला ते बरं लक्षण वाटत नाही. दाजींना वाटलं असेल, ओहोटीचं पाणी सगळं ओढून नेतं, खाडी काय आजची आहे. पण टँकर काही तिथी बघून येत नाहीत. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, पाणी ओढत नाही, तिथल्या तिथं डुचमळत राहतं, हे दाजींसारख्या कोळ्याला कळू नये? दसऱ्याआधीच्या त्या अष्टमीला टँकरमधलं सगळं आमच्याच खाडीत बसलं. राहीबाईच्या हातांची कातडी अजून नीट आलेली नाही. या सगळ्याला जबाबदार कुणी नको का?

असं मी स्वतःला रोज सकाळी समजावतो आणि शाळेत जातो.

दुसरा प्रश्न तू विचारलास, उघाडी कुणाच्या नावावर होती. त्याचं उत्तर तुला माहीत आहे. माहीत असून मला लिहायला लावतेस. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि तेही सुनयनाच्या तोंडून तुला ऐकवण्यासारखं तर मुळीच नाही. कधी भेटलो तर बोलू.

तुझा
नंदू

तळवली,
९ मार्च १९९७

ताई,

भेटणं काही होत नाही, म्हणून लिहितो. सुनयना, हे वाचताना थांबू नकोस. आवाज चढवून वाचायचीही गरज नाही.

उघाडी माझ्या नावावर आहे. आमच्या गावचा रिवाज तुला मी काय सांगू, तू इथंच वाढलीस. बाहेरच्यानं बोली लावायची नाही, मग तो गावचा जावई का असेना. म्हणून गेल्या पाडव्याला पैसा दाजींचा आणि नाव माझं. तूच म्हणाली होतीस, नंदू, नुसतं नाव तर द्यायचंय, सुनयनाच्या लग्नाला हातभार होईल. जोमाबाबांनी गावदेवीपुढं तीनदा पुकारा केला, "नंदकिशोर पोशा म्हात्रे!" पोरं हसली, कारण मास्तरला जाळं धरता येत नाही हे सगळ्यांना माहीत. यात काही पाप नव्हतं. निम्म्या गावानं कधी ना कधी जावयाला, मेव्हण्याला नाव दिलेलं आहे. दोष देत असशील तर नाव दिल्याबद्दल देऊ नकोस.

त्या दिवशी देवळात सगळे माझ्याकडे का बघत होते ते आता तुला सांगायला नको. मी दाजींचं नाव घेतलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पहिला वादीच उघाडीचा मालक निघाला तर केसचं काय होणार, हे प्रत्येकाला कळत होतं. गावाचा फायदा होता आणि माझाही होता. दोघांचा फायदा एका जागी आला की मास्तर लोकांना त्याला तत्त्व म्हणायची सवय असते.

फेब्रुवारीच्या अखेरीस तारीख होती. दाजी आले होते. तो पांढरा झब्बा त्यांनी घातला होता, विमलच्या भावाच्या लग्नात घातलेला. वकील दिला नव्हता. कंपनीच्या वकिलानं त्यांना सरळ विचारलं, "काय हो, उघाडीचं गेट तुमच्या नावावर होतं का?"

ताई, दोन शब्द ते बोलले असते तर मी तिथंच संपलो असतो.

दाजी म्हणाले, "घेतली मी, साहेब. टँकर मीच येव दिलं. दुसऱ्या कोनाचा काय संबंद नाय."

"पण नाव?"

"माजाच समजा."

ते माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नव्हते. मी वरचा पंखा बघत होतो. साहेबांनी लिहून घेतलं, पुढची तारीख दिली. बाहेर पडल्यावर मी लघवीच्या निमित्तानं मागं रेंगाळलो, ते निघून जाईपर्यंत. एवढा मोठा बाप्या आणि संडासात लपून बसलो.

हे कमी होतं म्हणून महाशिवरात्रीला गावानं माझा सत्कार केला. मंडप, माइक, शाल, नारळ, सगळं. वाशीहून एक पुढारी आणला होता. तो म्हणाला, "न्यायासाठी ज्यानं स्वतःच्या दाजीलाही सोडलं नाही असा माणूस तुमच्या गावात आहे, हे तुमचं भाग्य!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं की पाडव्याला पुकारा कुणाच्या नावाचा झाला. जोमाबाबाही वाजवत होते. मला वाटलं होतं की आपण शाल घेणार नाही, काहीतरी कारण काढू. पण पुढारी ठेंगणा होता, त्याचा हात पोचेना, म्हणून मान मीच वाकवली.

विमल मंडपात आली नव्हती. घरी आलो तर म्हणाली, "शाल कुठं ठेवू?" मी म्हटलं, "ठेव कुठंही." त्यावर ती म्हणाली, "घरात जागा नाय." आणि अंगणातल्या दोरीवर टाकली. अजून तिथंच आहे.

न्हाव्याच्या मंडळींनी तुम्हाला निरोप धाडला आहे म्हणे, केसचं काय ते होऊ दे, मग लग्नाचं बघू. मावशीकडून कळलं. हे ऐकल्यावर माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण उतरला. जेवलो, आणि दुपारी वर्गावर जाऊन पोरांना खरेपणावर निबंध घातला. मला माझी शिसारी येते, ताई.

नंदू

तळवली,
१३ एप्रिल १९९७

ताई,

पाडव्याला काय झालं ते तुझ्या कानावर आलं असेलच, पण सांगणाऱ्यांनी तिखटमीठ लावलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक.

नवी बोली लागण्याआधी जुन्यानं उघाडी परत करायची असते. ज्याच्या नावानं पुकारा झाला त्यानं पाण्यात उतरायचं, झाप आपल्या हातानं पाडायची, नारळ फोडायचा आणि पंचांना म्हणायचं, "घेतली तशी दिली." दरवर्षी हे हसतखेळत होतं. कुणीतरी पाण्यात घसरतो, पोरं ओरडतात. या वर्षी सगळे आले होते, पण बांधावर नाकाला पदर आणि रुमाल लावून उभे होते.

मी पॅन्ट वर करून उतरलो. पाणी काळं होतं. पाय टाकला तसा तळातून वास वर आला. झाप पाडली, तिला जांभळा रंग लागला होता तो माझ्या हाताला लागला. नारळ फोडला. मग बोलायचं आलं.

जोमाबाबा वरून म्हणाले, "बोल मास्तर. घेतली तशी दिली. बोल नि मोकला हो."

मी तोंड उघडलं, पण ते तीन शब्द बाहेर येईनात. कोर्टात गप्प राहता येतं, देवळात दुसऱ्याचं नाव घेता येतं, पण त्या पाण्यात उभं राहून ते वाक्य म्हणायला जीभ उचलेना. लोक खोळंबले. बाबा पुन्हा म्हणाले, "आरं बोल ना, देवी वाट बघतं."

तेव्हा मी म्हणालो, "घेतली तशी नाय देत मी. घान करून देतो. माज्या नावावर घान झाली." पंधरा वर्षं शाळेत शुद्ध मराठी शिकवली, ती त्या वेळी कुठं गेली कोण जाणे.

जोमाबाबांनी नव्या बोलीचा पुकारा केला. कुणी बोली लावली नाही. पुन्हा केला. मग लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वाशीला कर्णिकबाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मला वादीतून काढा आणि प्रतिवादीत घाला. बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही मला बाकी सगळं सांगितलंत, नातंसुद्धा सांगितलंत!" मग म्हणाल्या, "कायद्यात बसतं हे. अर्ज देता येतो. पण आपणहून मागणारा मी अजून पाहिला नाही. समोरचा वकील याचा तमाशा करील. दाव्याला धक्का बसेल. बुडणार नाही, पण बसेल. आणि उद्या भरपाईचा हुकूम झाला तर तो तुमच्यावरही होईल, तुमची नोकरी आहे, विचार करा." त्यांनी मला चहा विचारला नाही. दर वेळी विचारतात.

मला वाटलं होतं की आता तरी छाती जरा हलकी होईल. पण घरी येताना राहीबाई वाटेत आडवी आली. तिला कळलं होतं. ती म्हणाली, "तुजी लाज धुवाला आमची केस बुडव! माजं हात सोललं तवा तुजा तोंड कुटं होता? तवा बोलला असतास तं दुसरा कोनी पैला वादी झाला असता. आता बोलतंस, आता कोनाचा भला व्हनार हाय?"

मी म्हटलं, "राहीबाई, चुकलो."

"चुकलो म्हनून काय, माजी कातडी येतं?" असं म्हणून ती गेली. पण अर्जावर आता पहिली वादी म्हणून तिलाच अंगठा लावायचा होता, आणि तिनं तो लावला. लावताना माझ्याकडे पाठ करून बसली होती.

ताई, हे मी तुझ्यासाठी केलं असं मला लिहायचं होतं. तसं एकदा लिहिलंही, आणि ते पान फाडलं. तुझी आठवण पाण्यात उभा असताना मला आली नव्हती. वास आला, आणि बाबा म्हणाले देवी वाट बघतं, एवढंच झालं. तुझ्या दारातली अब्रू गेली ती यानं परत येत नाही हे मला कळतं.

नंदू

तळवली,
२९ एप्रिल १९९७

ताई,

काल तारीख झाली. अर्ज मंजूर झाला. मी आता प्रतिवादी क्रमांक चार.

कंपनीच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणे मजा करून घेतली. "साहेब, या दाव्यात फिर्यादी कोण आणि चोर कोण ते आधी त्यांनी आपसात ठरवून यावं," असं म्हणाला आणि मागं बसलेले लोक हसले. त्यात आमच्या गावचेही दोघे होते. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, नुसतं चष्म्यावरून बघितलं. शाळेतला साहेब एवढं बघत नाही.

मग मला बाक बदलावा लागला. राहीबाई आणि मंडळी होती तिथून उठून पलीकडे, दाजींच्या बाजूला. दाजी सरकले नाहीत. मी कडेला अर्धवट टेकलो. मग ते हळूच म्हणाले, "कशाला आयलास तू? मी एकला पुरलो असतो ना."

ताई, त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. तयारी करून आलो होतो, रात्री मनात दोन-तीन उत्तरंसुद्धा जुळवली होती. या वाक्यावर त्यातलं एकही चालेना. माझं डोकं खाली गेलं ते पुकारा झाला तेव्हाच वर आलं.

दाजींनी केलं ते वाईटच केलं. तेही ते नाकारत नाहीत. साहेबांना त्यांनी टँकरवाल्याचं नाव, गाडीचा नंबर आणि माल कुठून भरायचे ते सगळं सांगितलं. ते ऐकल्यावर कंपनीच्या वकिलाचं हसू गेलं, आणि कर्णिकबाईंनी बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघितलं. टँकर कंपनीच्याच मागच्या गेटातून भरत होते. राहीबाईनं मोठ्यानं "बग!" म्हटलं आणि शिपायानं तिला गप्प केलं. तेव्हा दावा अजून जिवंत आहे, आमच्या दोघांच्या नावासकट.

सुटल्यावर मी या वेळी लपलो नाही. दाजींच्या मागून बसथांब्यापर्यंत चालत आलो. तिथं ते थांबले. मग म्हणाले, "न्हाव्याचा पोरगा सोता आयलता घरा. बोलला, बापाचे केसशी मना काय करायचा? वैशाखान लगीन हाय."

मी म्हटलं, "बरं झालं."

"तुजी बहीन तुजा नाव काडत नाय घरान. पन ईचारतं, पोरीला मांडवान कोन आननार? मामा नको काय?"

सारसोळ्याला जाणारी नेरूळची बस आली. दाजी पुढं चढले, मी मागून. कंडक्टर आला तेव्हा मी खिशात हात घालेपर्यंत त्यांनीच पैसे पुढं केले आणि म्हणाले, "दोन नेरूल."

त्यांनी माझं तिकीट तुझ्या घरापर्यंतचं काढलं, ताई. मला न विचारता. माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. ऐरोली गेली, रबाळे गेलं. मी ठरवत होतो की जायचं, तू कडी लावलीस तर ओटीवर बसून राहायचं. मनात सगळं पक्कं झालं होतं. आणि तळवलीचा थांबा आला तसा मी उठलो आणि उतरलो. दाजींना सांगितलंही नाही. बस सुटताना त्यांनी मागं वळून बघितलं, मग बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

सगळ्यांसमोर पाण्यात उभा राहून बोललो, कोर्टात आरोपीच्या बाकावर बसलो, आणि बहिणीच्या दारात जायला मात्र भ्यालो. गावाला तोंड दाखवता येतं, साहेबाला दाखवता येतं, तुला दाखवता येत नाही. मी इतका वाईट माणूस असेन असं मला वाटलं नव्हतं.

ते तिकीट आता चालायचं नाही. नवं काढून येऊ का, एवढंच विचारायला हे पत्र आहे.

तुझा
नंदू